पॉवर लाइनवरून डेटा: पूर्ण जाळं टाकण्याआधीची आखणी आणि चाचणी

मुंबईतल्या टॉवरची मीटर रूम बहुतेक वेळा तळघरात नाहीतर पोडियमखाली असते. तिथे मोबाइलची रेंज येत नाही, रेडिओ मॉड्यूलचा सिग्नल आरसीसीच्या भिंतींमध्ये अडकतो आणि नवी डेटा केबल ओढायची म्हटलं की सोसायटीच्या कमिटीपासून डक्टमधल्या जागेपर्यंत सगळ्याच गोष्टी आडव्या येतात. अशा वेळी पॉवर लाइन कम्युनिकेशनचा, म्हणजे पीएलसीचा पर्याय पुढे येतो. तार आधीच आहे, तिच्यावरूनच डेटा न्यायचा. डेमोत तो पहिल्या झटक्यात चालतोही. पण शंभर-दोनशे वीजमीटर जोडले की संध्याकाळी त्यातले बरेच गायब होतात, सकाळी परत येतात आणि कारण कुणालाच सांगता येत नाही.

सबमीटरिंगच्या, म्हणजे मेन मीटरच्या पुढे लावलेल्या सोसायटीच्या स्वतःच्या मीटरच्या, आणि आवारातल्या दिव्यांच्या कामांत मी हे सगळं जवळून पाहिलंय. तुमच्या हातात असं काम नुकतंच आलं असेल तर पूर्ण ऑर्डर देण्याआधी काय काय तपासायचं, ते क्रमाने सांगतो. माझं म्हणणं मुळात एकच आहे: पीएलसीचं यश त्या वायरवर त्या घडीला काय काय चालू आहे यावर ठरतं. म्हणून वेळ आणि पैसा मोजमापावर आधी खर्च करा, तारेवर डेटा चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या मोडेमवर नंतर.

१. आधी काम ठरवा, मग बँड

बँड म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा. नॅरोबँड, म्हणजे अरुंद पट्ट्याचं पीएलसी ५०० किलोहर्ट्झच्या खाली चालतं. युरोपच्या ईएन ५००६५ मानकात ३ ते ९५ किलोहर्ट्झचा पट्टा वीज कंपन्यांसाठी राखलेला आहे, त्यालाच सेनेलेक ए म्हणतात. ९५ ते १४८.५ हा पट्टा इतरांच्या वापराचा. अमेरिकेत ४९० किलोहर्ट्झपर्यंत जागा मिळते, म्हणून कॅटलॉगमध्ये एफसीसी बँड असा वेगळा पर्याय दिसतो. ब्रॉडबँड, म्हणजे रुंद पट्ट्याचं पीएलसी २ मेगाहर्ट्झच्या आसपास सुरू होतं. होमप्लग एव्ही, आयईईई १९०१ आणि जी.एचएन ही त्यातली नावं. वेग भरपूर, पण अंतर कमी.

मीटर वाचायचे, दिवे चालू-बंद करायचे, पंपाची स्थिती बघायची असेल तर नॅरोबँड घ्या. कॅमेरा किंवा इंटरकॉम असेल तरच ब्रॉडबँडकडे वळा. ब्रॉडबँडच्या मिमो प्रकाराला (एकाच वेळी तारांच्या एकाहून जास्त जोड्यांवरून डेटा नेणाऱ्या) अर्थिंगची तिसरी तार लागते. जुन्या इमारतीत ती धड नसेल तर बॉक्सवर छापलेला वेग विसरा.

नॅरोबँडमध्ये मुख्य निवड दोघांतली. जी३-पीएलसी, म्हणजे आयटीयू-टी जी.९९०३, आणि प्राइम, म्हणजे जी.९९०४. जी३ मध्ये मोडेम आपापसांत वाट शोधतात. प्राइममध्ये बेस नोडपासून, म्हणजे मुख्य मोडेमपासून फांद्या फुटत जातात आणि मधले काही नोड स्विचचं, म्हणजे निरोप पुढे देण्याचं काम करतात. प्राइमच्या १.४ आवृत्तीत जास्त चिवट असे रोबस्ट मोड आले, तरी गोंगाट (तारेवरचा विद्युत नॉइज) असलेल्या जुन्या वायरिंगवर मी जी३ ला पसंती देतो. मीटर स्मार्ट असेल तर तो आयएस १६४४४ या भारतीय मानकाचा आहे का आणि डेटाची मांडणी आयएस १५९५९ प्रमाणे आहे का, हेही याच टप्प्यावर पुरवठादाराकडून लेखी घ्या.

२. डेटाचा हिशेब कागदावर करा

हा हिशेब तासाभराचा आहे, तरी तो टाळला जातो. एका ट्रान्सफॉर्मरखाली ४०० वीजमीटर धरा. दर १५ मिनिटांची नोंद, म्हणजे दिवसाला ९६ नोंदी. हेडर वगैरे धरून प्रत्येक मीटरचे रोजचे अडीच हजार बाइट धरले तर एकूण दहा लाख बाइट, म्हणजे ८० लाख बिट झाले. वाईट वायरवर हातात पडणारा वेग सेकंदाला २,००० बिट धरा. वेळ लागेल ४,००० सेकंद, साधारण एक तास सात मिनिटं. ऐकायला छान वाटतं.

आता वाटेतले टप्पे धरा. सगळे मोडेम एकाच तारेवर बोलतात, त्यामुळे एकाचा निरोप दुसऱ्याने पुढे दिला की तेवढा वेळ पुन्हा खर्च होतो. सरासरी अडीच टप्पे धरले तर पावणेतीन तास होतात. पुन्हा पाठवण्यासाठी तीस टक्के जास्त धरा, साडेतीन तास ओलांडले. रोजच्या वाचनाला हे चालतं.

खरी गंमत फर्मवेअर, म्हणजे मीटरच्या आतलं सॉफ्टवेअर अपडेट करताना कळते. ३०० किलोबाइटची फाइल एका मीटरला द्यायला २० मिनिटं. ती एकेकाला वेगळी पाठवायची पद्धत असेल तर ४०० मीटरना साडेपाच दिवस आणि अडीच टप्पे धरले तर जवळपास दोन आठवडे, तेही मधलं वाचन थांबवून. म्हणून एकाच वेळी सगळ्यांना फाइल पाठवण्याची सोय आहे का आणि ती प्रत्यक्ष दाखवता का, हे खरेदीच्या आधी विचारा.

३. परवानग्या, कागदपत्रं आणि हत्यारं

मुंबईत वीज देणारी कंपनी भागाप्रमाणे बदलते. शहर भागात बेस्ट, उपनगरांत अदानी इलेक्ट्रिसिटी आणि टाटा पॉवर, तर भांडुप-मुलुंडकडे महावितरण. मीटरच्या अलीकडची सगळी यंत्रणा आणि सील केलेला मीटर कंपनीच्या ताब्यातला असतो. सील तोडून मोडेम जोडायचा विचारही करू नका. मीटरशी छेडछाड विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १३५ खाली येऊ शकते. सोसायटीच्या स्वतःच्या सबमीटरचं काम असेल तर तुमची हद्द मेन मीटरच्या पलीकडे सुरू होते.

सोबत ही कागदपत्रं हवीत:

- सोसायटीच्या किंवा वीज कंपनीच्या नावाचं परवानगीपत्र, त्यात तारखा आणि वेळा लिहिलेल्या
- परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदाराचं आणि वायरमनचं नाव, परवान्याची प्रत
- इमारतीचं सिंगल लाइन डायग्राम, म्हणजे वीज कुठून कुठे जाते त्याचा एकरेषी नकाशा. जुनं असलं तरी घ्या, नसलं तर स्वतः काढायची तयारी ठेवा
- शटडाउन कधी मिळेल आणि कोण देईल, याचं लेखी उत्तर
- लिफ्ट, पंप, डीजी सेट (डिझेल जनरेटर), सोलर आणि ईव्ही चार्जर कुठे कुठे आहेत, याची यादी

हत्यारांत क्लॅम्प मीटर, फेज सीक्वेन्स मीटर, थर्मल कॅमेरा, ९ किलोहर्ट्झपासून मोजणारा स्पेक्ट्रम अॅनालायझर किंवा चांगल्या एफएफटीचा (सिग्नलची फ्रिक्वेन्सीप्रमाणे फोड करणारा) ऑसिलोस्कोप, आणि एक आयसोलेटेड कपलर, म्हणजे मेनचा व्होल्टेज अडवून फक्त वरचा सिग्नल यंत्राला देणारा जोड. कपलर नसेल तर मोजमापच करू नका. २३० व्होल्टचं शिखर ३२५ व्होल्टवर जातं आणि तुम्हाला बघायचे असतात त्यावरचे काही मिलीव्होल्ट. ५० हर्ट्झ गाळल्याशिवाय ते दिसत नाहीत. ऑसिलोस्कोपच्या साध्या प्रोबची ग्राउंड क्लिप फेजला लावली तर थेट शॉर्ट होतो, माणूसही जाऊ शकतो. डिफरन्शियल प्रोब, कॅट थ्री किंवा त्यावरचं रेटिंग, हातमोजे आणि शेजारी दुसरा माणूस, यांत तडजोड नाही. कपलरसाठी एक्स टू कपॅसिटर आणि फेराइट कोअर लॅमिंग्टन रोडला मिळतात, पण तयार आणि तपासलेला कपलर घेणं जास्त बरं.

४. फेज आणि केबलचा खरा नकाशा काढा

ड्रॉइंगवर तिन्ही फेजवर घरं समान वाटलेली असतात. प्रत्यक्षात कधीतरी एक फेज गेली म्हणून वायरमनने चार फ्लॅट दुसऱ्या फेजवर टाकलेले असतात आणि त्याची नोंद कुठेच नसते. त्या इमारतीत अनेक वर्षं काम करणाऱ्या वायरमनदादांना सोबत घ्या. कुठल्या कटआउटमध्ये काय बदललंय हे त्यांना तोंडपाठ असतं, आणि त्यांच्यासोबतचा अर्धा दिवस महागड्या यंत्रापेक्षा जास्त माहिती देतो.

मोडेम लागल्यावर फेज ओळखायची एक सोपी युक्ती आहे. ५० हर्ट्झला एक पूर्ण चक्र २० मिलीसेकंदांचं, म्हणून दोन फेजच्या झीरो क्रॉसिंगमध्ये (व्होल्टेज शून्यातून वर जाण्याच्या क्षणात) ६.६७ मिलीसेकंदांचा फरक येतो. बरेच मोडेम ही वेळ नोंदवतात. फरक नेमका १० मिलीसेकंद दिसला तर त्या पॉइंटवर फेज-न्यूट्रल उलटे लागलेत असं समजा. चाळींच्या वायरिंगमध्ये हे बऱ्याचदा सापडतं आणि ते सुरक्षिततेसाठीही लगेच दुरुस्त करायला हवं.

केबलची लांबी पावलांनी मोजा, जॉइंट कुठे आहेत ते लिहा, अॅल्युमिनियम आहे की तांबं तेही. समुद्राजवळच्या इमारतींत लग आणि टर्मिनल खारट हवेने गंजतात. सैल न्यूट्रलमध्ये बारीक ठिणग्या उडतात आणि त्यांचा गोंगाट पूर्ण पट्ट्यात पसरतो. मोडेम बदलून तो जात नाही. थर्मल कॅमेऱ्यात गरम दिसणारा प्रत्येक जॉइंट आधी घट्ट करून घ्या, मग पुढचं बोला.

५. नॉइज आणि इम्पीडन्स मोजा, तेही रात्री

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या.

सकाळी अकरा वाजता मोजमाप करून सगळं ठीक असल्याचा अहवाल दिला जातो, कारण तेव्हा मीटर रूमची किल्ली मिळते. ज्या वेळी तार सर्वात वाईट असते ती वेळ म्हणजे संध्याकाळी सात ते अकरा. घरोघरी एलईडी दिवे, टीव्ही, चार्जर, इन्व्हर्टर एसी, सगळं एकाच वेळी चालू. या उपकरणांच्या आतले स्विचिंग सप्लाय साधारण चाळीस किलोहर्ट्झपासून पुढे काम करतात, म्हणजे नेमके आपल्या पट्ट्यात. म्हणून किमान पूर्ण २४ तासांची नोंद घ्या. एक कामाचा दिवस आणि एक रविवार, दोन्ही.

९ ते १५० किलोहर्ट्झमध्ये रिझोल्यूशन बँडविड्थ, म्हणजे अॅनालायझर एका वेळी बघतो त्या पट्ट्याची रुंदी, २०० हर्ट्झ ठेवा, मोजमापाच्या सिस्पर १६ मानकातही तीच आहे. मॅक्स होल्ड (सर्वात वरचं मूल्य धरून ठेवणारा) आणि सरासरी असे दोन्ही ट्रेस साठवा. फक्त सरासरी बघितली तर झटक्याने येणारे इम्पल्स लपून जातात, आणि पॅकेट मारतात ते इम्पल्सच. मग टाइम डोमेनमध्ये, म्हणजे वेळेप्रमाणे बघा. बराचसा गोंगाट सेकंदाला १०० वेळा, म्हणजे दर १० मिलीसेकंदांनी उसळतो, कारण रेक्टिफायर व्होल्टेजच्या शिखराजवळ करंट ओढतात. झीरो क्रॉसिंगच्या आसपास तुलनेने शांतता असते. तुमचं पॅकेट १० मिलीसेकंदांपेक्षा लांब असेल तर ते शांत आणि वाईट अशा दोन्ही काळांतून जाणार, हे ध्यानात ठेवा.

लिफ्टचं उदाहरण बघण्यासारखं आहे. लिफ्ट उभी असताना अॅनालायझरच्या स्क्रीनवर एक सपाट खडबडीत रेषा असते. कुणी बटण दाबून लिफ्ट वर निघाली की त्याच क्षणी समान अंतरावर कंगव्याच्या दातांसारख्या रेषा उभ्या राहतात. लिफ्टची मोटर चालवणारी ड्राइव्ह ८ किलोहर्ट्झवर स्विच होत असेल तर ४०, ४८, ५६, ६४ अशा ठिकाणी. लिफ्ट थांबली, रेषा गेल्या. हे दिसलं की दोषी ठरवायला आणखी पुरावा लागत नाही, आणि त्या ठिकाणचे कॅरियर (डेटा नेणाऱ्या फ्रिक्वेन्सी) मोडेममध्ये बंद करायची सोय असेल तर ती वापरता येते. बाकीचे दोषी शोधायला सेक्रेटरींची परवानगी घेऊन कॉमन एरियाचे एमसीबी एकेक करून उतरवा आणि नॉइज कुठे पडतो ते बघा. जिन्यातले स्वस्त एलईडी फिटिंग, सोलर इन्व्हर्टर आणि पार्किंगमधला ईव्ही चार्जर हे नेहमीचे संशयित. सोलरसाठी अर्थातच दुपारचं मोजमाप लागतं.

इम्पीडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा विद्युत विरोध, हा दुसरा सापळा, आणि तो जास्त फसवा आहे. तो फार कमी झाला की सिग्नल तिथेच शोषला जातो. उपकरणांच्या ईएमआय फिल्टरमध्ये (गोंगाट अडवण्यासाठी असलेल्या) फेज-न्यूट्रलच्या मध्ये कपॅसिटर असतो. ०.२२ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर ५० किलोहर्ट्झला सुमारे १४.५ ओहम दाखवतो. अशी दहा उपकरणं पॅनलजवळ समांतर आली की उरतात जेमतेम दीड ओहम. मोडेम ओरडतोय, पण आवाज जागच्या जागी गिळला जातोय. नॉइज कमी आणि तरी लिंक नाही, असं दिसलं की मोडेमच्या टर्मिनलवर त्याचा स्वतःचाच सिग्नल किती व्होल्टचा उरलाय ते मोजा. टेबलवर मोजलेल्या आकड्यापेक्षा तो खूप खाली असेल तर कारण सापडलं. कॉन्सन्ट्रेटर (सगळ्या मीटरचा डेटा गोळा करणारा मुख्य बॉक्स) मेन बसबारच्या (वीज वाटणाऱ्या जाड धातूच्या पट्टीच्या) अगदी मिठीत लावण्याऐवजी काही मीटर केबल सोडून, किंवा तिन्ही फेजवर कपल करून लावल्याने पुष्कळदा फरक पडतो.

६. सिम्युलेशन: नापास करण्यासाठी वापरा

मोजमाप हातात आल्यावरच संगणकावरच्या सिम्युलेशनला अर्थ येतो. चॅनेलसाठी, म्हणजे सिग्नल जाणाऱ्या तारेच्या मॉडेलसाठी दोन वाटा आहेत. केबलची लांबी, फांद्या आणि लोड माहीत असतील तर ट्रान्समिशन लाइनच्या एबीसीडी मॅट्रिक्सने खालून वर बांधणी करा. साधा पायथन पुरतो. नसतील तर मोजलेल्या प्रतिसादावर मल्टिपाथ मॉडेल (सिग्नल अनेक वाटांनी पोहोचतो असं धरणारं) बसवा. झिमरमान आणि डोस्टर्ट यांचं २००२ चं मॉडेल यासाठी सर्रास वापरलं जातं. वरच्या थरासाठी, म्हणजे राउटिंग, टक्कर आणि रांगा बघायला, एनएस-३ फुकट मिळतं. ओमनेट++ शिक्षण-संशोधनासाठीच फुकट आहे, व्यावसायिक कामाला परवाना लागतो.

सिम्युलेशनमध्ये जे चाललं ते प्रत्यक्षात चालेलच, असं मी मानत नाही. पण सिम्युलेशनमध्येच जे पडलं ते जागेवर उभं राहणार नाही, हे मात्र मानतो. कॉन्सन्ट्रेटर कुठे ठेवायचा याचे पाच पर्याय असतील तर त्यातले तीन इथे बाद करा. लोड स्थिर धरू नका, दुपारचा आणि रात्रीचा असे दोन वेगळे संच चालवा.

७. टेबलवरची चाचणी

जागेवर जाण्याआधी वीस-तीस मोडेम एका बोर्डवर जोडा. मध्ये अॅटेन्युएटर टाकून सिग्नल हळूहळू कमी करा आणि लिंक कधी तुटते ते लिहा. मग तोच प्रयोग गोंगाटासह करा. जागेवर रेकॉर्ड केलेला नॉइज सिग्नल जनरेटरमधून सोडता आला तर उत्तम. नाहीतर लोहार चाळीतून चार-पाच प्रकारचे स्वस्त एलईडी दिवे आणा आणि त्याच बोर्डवर पेटवा.

एक चाचणी कुणीही सोडू नये: पूर्ण बोर्डचा एमसीबी बंद करून पुन्हा चालू करा. वीज आली की सगळे मोडेम एकाच वेळी जाळ्यात शिरायला धडपडतात. पंचवीस मोडेमना परत यायला किती वेळ लागला ते बघा आणि चारशेंना किती लागेल याचा अंदाज पुरवठादाराकडून लेखी घ्या.

८. पायलट: सोपी इमारत निवडू नका

पायलटसाठी सहकार्य करणारी नवी कोरी सोसायटी निवडण्याचा मोह होतो. तीन वेगळ्या तऱ्हेच्या जागा घ्या. गिरगाव-लालबागकडची जुनी चाळ किंवा उपकरप्राप्त इमारत, पंचवीस-तीस वर्षांची रीवायरिंग झालेली सोसायटी आणि बसबार रायझरचा (मजल्यांवर उभ्या चढणाऱ्या बसबारचा) टॉवर. एका ट्रान्सफॉर्मरखालची सगळी घरं घ्या, निम्मी नको. शेजारच्या ट्रान्सफॉर्मरवरही एक कॉन्सन्ट्रेटर लावा. दोन सबस्टेशनच्या केबल एकाच चरातून गेल्या असतील तर सिग्नल एकीकडून दुसरीकडे उडी मारतो आणि मीटर भलत्याच कॉन्सन्ट्रेटरला जाऊन चिकटतो. एकच कॉन्सन्ट्रेटर लावलात तर हा दोष दिसणारच नाही.

मुंबईसाठी या चाचण्या मुद्दाम करा:

फीडर शिफ्ट. पावसात केबल गेली की फीडर पिलरमधून (रस्त्याकडेच्या वीज वितरणाच्या पेटीतून) तो भाग दुसऱ्या सबस्टेशनवर टाकतात. त्या रात्री ते मीटर नव्या कॉन्सन्ट्रेटरला आपणहून जोडले जातात का, आणि दुरुस्तीनंतर परत येतात का? वीज कंपनीसोबत नियोजित शटडाउनच्या दिवशी हे करून बघता येतं.

डीजीवर बदली. चेंजओव्हर स्विच जनरेटरकडे पडला की वरच्या बाजूचा तारेचा रस्ताच तुटतो. कॉन्सन्ट्रेटर मेन सप्लायकडे असेल तर डीजीवरचे मीटर तेवढा वेळ दिसणार नाहीत. हे आधीच मान्य करून घ्या, नाहीतर दरवेळी तक्रार येईल.

सणाचे दिवस. गणेशोत्सवात मंडपाची तात्पुरती जोडणी आणि दिवाळीत प्रत्येक गॅलरीतल्या एलईडी माळा. पायलटच्या कालावधीत यातला एक सण तरी यावा अशी तारीख धरा. मे महिन्यातला एसीचा भार आणि जुलैचा ओलावाही जमल्यास पकडा.

९. स्वीकारायच्या अटी आधी लिहा

पायलट संपल्यावर अटी ठरवायला बसलात तर जो आकडा आलाय तोच चांगला वाटू लागतो. सुरुवातीलाच लिहून ठेवा: सकाळी सहापर्यंत किती टक्के मीटरचं पूर्ण वाचन हवं, त्यातलं पहिल्याच प्रयत्नात किती, वीज गेल्यावर सगळे किती वेळात परत हवेत, जोडणी तोडण्या-जोडण्याच्या आज्ञेला किती सेकंदांत उत्तर हवं.

मी रोजच्या वाचनाला ९८ टक्के मागतो, पण त्यापेक्षा उरलेल्या दोन टक्क्यांकडे जास्त बघतो. ते रोज वेगळे मीटर असतील तर जाळं निरोगी आहे, दुसऱ्या दिवशी भरून निघतं. रोज तेच आठ मीटर असतील तर तिथे तारेतच काहीतरी आहे. त्यांची वेगळी यादी करा आणि प्रत्येकाच्या जागी जाऊन पाचवी पायरी पुन्हा करा. उपाय मर्यादित आहेत: रिपीटर (निरोप उचलून पुढे देणारा मोडेम), फेज कपलर (एका फेजवरचा सिग्नल दुसऱ्या फेजवर नेणारा), दोषी उपकरणावर फिल्टर, किंवा तेवढ्यापुरता रेडिओ अथवा सिमवाला मोडेम. या हट्टी मीटरसाठी अंदाजपत्रकात वेगळी तरतूद ठेवा. सगळे मीटर पीएलसीवरच आले पाहिजेत असा आग्रह ग्राहकाकडून आला तर पायलटची यादी त्याच्यापुढे ठेवा.

पायलट चालू असताना कॉन्सन्ट्रेटरमधून राउटिंग टेबल, म्हणजे कुणाचा निरोप कुणामार्गे येतो त्याची यादी, रोज दोनदा उतरवून घ्या, पहाटे चारला आणि रात्री नऊला, आणि तारखेच्या नावाने साठवा. ज्या एका मीटरवरून खूप जणांची वाट जाते तो मीटर शोधून त्यावर खूण करा. पूर्ण जाळं टाकताना पहिला जास्तीचा रिपीटर त्याच्याच शेजारी लावायचा असतो.